दारात काढलेल्या चपला

सातारच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या कुमुदताई खांबेटे लेक-जावयाबरोबर प्राग बघायला गेल्या. तिथल्या एका जुन्या चर्चमधली कोरीव फरशी त्यांना डोळे भरून बघायची होती. सवयीने चपला दारात काढून त्या अनवाणीच आत शिरल्या.

रखवालदार त्यांच्या पायांकडे बघून मोठ्याने हसला. "बाई, इथे डोक्यावरची टोपी काढतात, चपला नाही!"

लोक वळून बघायला लागले. लेक मुक्ता ओशाळली, पण तिने आईला त्याचं बोलणं मराठीत सांगितलं. कुमुदताई पुढे गेल्या, तर फरशीभोवती जाड दोर! लांबून नक्षी धड दिसेना.

"मुक्ता, विचार त्यांना, हा दोर कशाला?"

"लोकांच्या बुटांनी नक्षी झिजते म्हणून," रखवालदार ऐटीत म्हणाला.

"मग सांग त्यांना, माझ्या चपला दारात आहेत. आता हा दोर कुणासाठी?"

रखवालदाराने दोर सोडला, स्वतःचेही बूट काढले आणि वाकून त्यांना नक्षीतलं एकेक फूल दाखवू लागला. त्याच्या फाटक्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. कुमुदताईंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.