बाजार पाहिलेला भुंग्या

फार वर्षांमागे एका माळावर एक धनगरीण आणि तिचा दीर आपापले कळप घेऊन राहत होते. एकाच कुत्रीची दोन पिल्लं त्यांनी वाटून घेतली.

दिराने आपलं पिल्लू कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकून ठेवलं. माणसं दिसली की कुत्रं लाडावतं, मग ते राखण काय डोंबल करणार, असं त्याच्या घराण्यात सगळेच मानत आले होते. धनगरीण मात्र वेगळ्याच मतीची. तिने आपल्या पिल्लाचं नाव भुंग्या ठेवलं, त्याला कडेवर घेतलं आणि गावभर हिंडवलं. कुंभाराचं गाढव दाखवलं, लोहाराच्या घणाचा आवाज ऐकवला, पोराबाळांच्या मांडीवर बसवलं, आठवडी बाजारातही नेलं. पहिल्यांदा ढोल ऐकून भुंग्या तिच्या पदरात शिरला, तेव्हा ती रागावली नाही. लांब उभी राहून त्याला भाकरी चारत राहिली आणि मग हळूहळू जवळ गेली.

"वहिनी, कुत्रं पाळलंय का जावई?" दीर खो खो हसायचा. "उद्या लांडग्यालाही रामराम घालील."

"लांडगा कोण नि पाहुणा कोण हे कळायला आधी पाहुणे तर बघू देत त्याला, भावजी," ती म्हणायची.

पिल्लांची दांडगी कुत्री झाली, सुगीही झाली. दरवर्षी या दिवसांत शेतकरी मेंढ्यांचे कळप आपल्या रानात बसवून घेत. शेताला खत मिळे, धनगरांना धान्य. यंदा मात्र गावाने बजावलं होतं, कुत्रा कुणाला चावला तर त्याच्या कळपाने त्याच दिवशी रान सोडायचं. दोघांच्याही मेंढ्या गाभण होत्या. आता लांबची चाल पडली असती, तर कोकरं हाती लागली नसती.

जत्रेच्या दुपारी देवाची पालखी ढोल वाजवत बांधावरून आली. दिराच्या कुत्र्याने एवढी माणसं जन्मात पाहिली नव्हती. तो बिचारा भेदरला, दावं तोडून धावला आणि समोर आलेल्या ढोलवाल्याच्या पोटरीला कडकडून चावला. माणसं पांगली, मेंढ्या उधळल्या, आणि नेमका तेव्हाच ओढ्यातून लांडगा वर आला.

भुंग्या उठला. ढोलवाल्यांच्या पायांमधून वाट काढत, कुणालाही न डिवचता, तो थेट लांडग्यावर गेला. लांडग्याला ओढ्यापार पळवूनच परतला. दोन्ही कळप त्याने एका जागी आणले. पालखीबरोबर आलेल्या एका चिमुरडीने त्याच्या गळ्यात हात टाकले, तर हा डोळे मिटून उभा. धनगरिणीचा ऊर अभिमानाने भरून आला. लपवायचं कशाला, तिने सगळ्यांदेखत डोळे पुसले.

शेताचा मालक म्हणाला, "बाई, तुझा कळप खुशाल राहू दे. दिराला मात्र निघावं लागेल."

"त्यांच्या मेंढ्या माझ्या कळपात राहतील," ती ताठ मानेने म्हणाली. "राखण माझा भुंग्या करील."

मालकाने भुंग्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

दिराचा कुत्रा झुडपाआड थरथरत होता. दीर खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, आता याचं काय?"

"त्याचा काय दोष? उशीर झालाय, वेळ लागेल. धीराने घ्या."

पुढच्या वर्षी दीर नवं पिल्लू कडेवर घेऊन बाजारात फिरताना दिसला. कुणीतरी हसून विचारलं, "काय हो, जावई का?"

"जावईच समजा," तो ऐटीत म्हणाला. "घ्या की याला जरा कडेवर तुम्हीपण."

तात्पर्य: पिल्लाला लहानपणीच माणसांची, आवाजांची आणि इतर जनावरांची मायेने ओळख करून द्यावी; मोठेपणी ते उगाच घाबरत नाही आणि राखण कुणापासून करायची हेही त्याला नेमकं कळतं.