मामंजींची वाळू

"...मग आणखी किती वेळा धुऊ, बाबा?"

डॉक्टर जयदीप चौगुल्यांच्या या प्रश्नात काकुळती कमी आणि तक्रार जास्त होती. ते सर्जन. हाताला यश आहे असं गाव म्हणे, आणि गाव तसं म्हणतं हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं.

समोर दस्तगीरबाबा बसले होते. नदीकाठच्या दर्ग्यामागची एक खोली आणि माशांची एक जुनी काचेची टाकी, एवढाच या फकिराचा संसार.

डॉक्टरांची आई दर गुरुवारी इथं यायची. चार महिन्यांपूर्वी ती गेली. मागे राहिली तिची टाकी आणि टाकीतले नऊ मासे. तळाची वाळू पंधरा वर्षांत पुरती कधी धुतलेलीच नव्हती. ती बघून डॉक्टरांचे हात शिवशिवले.

जुनी वाळू त्यांनी कचऱ्यात टाकली. नवी आणली, नदीची, बारीक, गोल दाण्यांची. चाळली. लिंबू पिळून पाहिलं, फेस आला नाही, म्हणजे चुना नाही. चौदा पाण्यांनी धुतली आणि वर ऑपरेशनच्या हत्यारांसारखी उकळून काढली.

टाकी आरशासारखी झाली, आणि मासे मरू लागले. एक मेला की डॉक्टर पुन्हा सगळी वाळू काढून उकळत.

आता एकच उरला होता, मामंजी. लांब मिशांमुळे आईनं त्याचं हे नाव ठेवलं होतं. खऱ्या सासऱ्यांसमोर ती कधी मोठ्यानं हसली नव्हती. ते सगळं हसू तिनं या माशावर वसूल केलं होतं.

मामंजी आज सकाळपासून आडवे पडले होते.

डॉक्टरांनी पिशवीतली वाळू पुढे केली. बाबांनी चिमूटभर घेऊन गालावर चोळली.

"वाळू चांगली आहे."

"मग चुकलं कुठं?"

बाबांनी उरलेली चिमूट पुन्हा पिशवीत सोडली.

"दूध उकळलंस, बरं केलंस. विरजण कुठं आहे?"

आपण माशांचं विचारतोय आणि हे दह्यावर घसरले, असं वाटून डॉक्टर चिडलेच. तेवढ्यात बाबांनी बाही सारली, आपल्या टाकीत हात घातला आणि तळाची मूठभर वाळू वर काढली. काळी, बुळबुळीत.

डॉक्टर एक पाऊल मागे सरले.

"ही घाण टाकू? मामंजींच्या अंगावर?"

बाबांनी दुसऱ्या हातानं फळीवरून स्टीलचा एक डबा काढला आणि डॉक्टरांच्या हातात दिला. झाकणावर आईचं नाव कोरलेलं होतं... सौ. सुमती चौगुले.

दोन वर्षांपूर्वी बाबांची टाकी फुटली होती. वाळू सगळी नाल्यात गेली, नव्या वाळूत मासे तग धरेनात. तेव्हा आई गुरुवारची हा डबा घेऊन आली, आपल्या टाकीतली वाळू भरून. तीच विरजणासारखी या टाकीत पसरली आणि मासे जगले. बाबांनी हे सगळं शिळ्या गोष्टीसारखं सांगितलं.

"रिकामा डबा परत कसा करायचा, म्हणून राहिला इथंच."

आईला अग्नी देताना डॉक्टर रडले नव्हते. लोकांसमोर रडायचं नसतं म्हणून. आता मात्र डोळे भरून आले आणि ते पुसायचंही भान राहिलं नाही.

बाबांनी मुठीतली वाळू डब्यात सोडली आणि थोडे सरकून बसले.

डॉक्टरांनी टाकीत हात घातला. हातमोजा न घालता, कोपरापर्यंत. वाळू मऊ होती आणि तिला ओल्या मातीचा वास होता. त्यांनी एकेक मूठ अशी उचलली, की जणू तिला दुखेल. डबा भरला. वर थोडं टाकीतलंच पाणी घातलं, झाकण लावलं.

मग ते उठले आणि आयुष्यभराच्या सवयीनं दाराबाहेरच्या नळाकडे गेले. हात काळे झाले होते. त्यांनी नळ सोडला.

"हात इथं नको," आतून बाबा म्हणाले. "घरी जा. टाकीत धू."