दाजींची शेवटची अकरा पानं

एका गावात एक भोळा शिपाई होता. वाचनालयाचा. नाव निवृत्ती. सांगितलेलं सगळं ऐकायचा, हीच तर पंचाईत होती.

त्याच वाचनालयात दाजी गुरव रोज यायचे. वय ब्याऐंशी. तीस वर्षांपूर्वी त्यांनी खुनाची एक कादंबरी वाचायला घेतली, आणि शेवटची अकरा पानं कुणा मेल्यानं फाडून नेलेली. जमीनदाराचा खून झाला, इथवर ठीक. पण केला कुणी? दाजींना तीस वर्षं धड झोप नाही. "वैद्यच असणार," म्हणायचे. "पण कुणी सांगायचं नाही हं! मी माझ्या डोळ्यांनी वाचणार."

सोमवारी ग्रंथपाल शालनताईंना ती कादंबरी कॉम्प्युटरवर सापडली. जुनी पुस्तकं फुकट वाचायला देणारी एक वेबसाइट होती, तिच्यात. अकराच्या अकरा पानं शाबूत! दाजी नाचायचेच बाकी राहिले. पण पडद्यावरचं बारीक अक्षर त्यांना दिसेना, आणि प्रिंटरची शाई संपलेली.

"शुक्रवारी शाई येईल. तोवर कळ काढा, दाजी."

ताईंचं त्या आठवड्यात तालुक्याला ट्रेनिंग. सकाळी जायच्या, संध्याकाळी यायच्या. जाताना निवृत्तीला म्हणाल्या, "लोकांना फुकट पुस्तकांचं सांग. कितीही जणांनी नेली तरी ती कमी होत नाहीत. कुणाला नाही म्हणू नकोस."

"बरं, ताई."

त्यानं कपाटं उघडली. "न्या, न्या! फुकट आहेत!" लोक काय, पोती घेऊन आले. संध्याकाळी ताई बघतात तर तिन्ही कपाटं रिकामी, आणि निवृत्ती समोर स्टूल टाकून बसलेला.

"काय बघतोस?"

"कमी झालेली दिसतात, ताई. पण होत नाहीत ना. वाट बघतोय."

ताईंनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, ते कॉम्प्युटरमधल्या पुस्तकांचं! इथून कुणी काही नेलं की नाव लिहायचं, सही घ्यायची, आठ दिवसांत परत आणायला सांगायचं."

"बरं, ताई."

मंगळवारी शेजारच्या मांडवातून नवरी सासरी निघाली. निवृत्ती रजिस्टर घेऊन गाडीला आडवा.

"कोण नेतंय हिला?"

"मी," नवरदेव म्हणाला.

"सही करा. आठ दिवसांत परत. कोपरे दुमडायचे नाहीत."

नवरीची आई रडता रडता थांबली. "आठच दिवस? करा की सही, जावईबापू!" वरबाप मात्र असा भडकला की मारामारी व्हायचीच राहिली. बुधवारची संध्याकाळ ताईंची माफी मागण्यात गेली.

"तू वाचनालयाबाहेर पडूच नकोस," ताई म्हणाल्या. "कॉम्प्युटरपाशी बस. आणि हे बघ, 'अभिनंदन, तुम्हाला बक्षीस मिळालं' असं आलं की समजायचं, चोर. भुलायचं नाही. लगेच बंद करून टाकायचं."

"बरं, ताई."

गुरुवारी जिल्ह्याहून एक साहेब आले. गळ्यात टाय, हातात चकचकीत ढाल. "अभिनंदन! तुमच्या वाचनालयाला बक्षीस मिळालंय."

निवृत्ती लगेच उठला. साहेबांना धरलं, कपाटात घातलं, कडी लावली. कपाट रिकामं होतं म्हणून मावले बिचारे. संध्याकाळी ताईंनी कडी काढली, तर आत साहेब उकिडवे, ढाल पोटाशी. ढाल घेऊन तसेच निघून गेले.

ताई रडकुंडीला आल्या. "अरे, आधी माणसाचं ऐकून घ्यावं! तो म्हणतोय ते खरं मानावं! आणि मग काय ते करावं!"

"बरं, ताई."

शुक्रवारी सकाळी शाई आली. ताईंनी अकरा पानं ठळक अक्षरांत छापली आणि निवृत्तीकडे दिली. "दाजी आले की दे. आणि बाहेरच्या फळ्यावर वेबसाइटचं नाव लिही. लोकांच्या कामाचं असेल ते मोठ्या अक्षरांत लिहावं. एवढं जमेल ना?"

जमलं. नाव लिहून झालं, मग त्यानं पानंही वाचून काढली. तेवढ्यात दाजी आले. धुतलेलं धोतर, पुसलेला चष्मा. आल्या आल्या हात पुढे केला.

"आण रे बाबा. एकदा खुनी कळला, की मी मरायला मोकळा."

आधी माणसाचं ऐकून घ्यावं. ते खरं मानावं. निवृत्तीनं पानं सदऱ्यात कोंबली.

"नाही देत."

"का रे?"

"तुम्ही मराल."

"अरे, या वयात मरेन नाहीतर काय करीन? दे!"

"बघा, स्वतःच म्हणताय!"

तो बाहेर पळाला आणि दाराला कडी घातली. मग त्याची नजर फळ्यावर गेली. वेबसाइटचं नाव तर फळ्यावर लागलंय. कुणीही वाचेल, कुणीही दाजींना सांगेल. म्हातारा हकनाक जाईल! डोळे पुसत पुसत त्यानं खडू उचलला.

आतून दाजी दार बडवत होते. लोक जमले. कुणीतरी कडी काढली. दाजी बाहेर आले, आणि समोर फळा. बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागले:

"गावकऱ्यांना सूचना. खून आत्याबाईंनी केला, हे दाजी गुरवांना कुणीही सांगू नये. ते मरतील."

दाजी मटकन पायरीवर बसले.

"गेले!" निवृत्तीनं हंबरडा फोडला. "माझे दाजी गेले!"

"गप रे! तीस वर्षं कान झाकून बसलो, आणि तू फळ्यावर लिहितोस?" दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एकदम ते ताठ झाले. "पण थांब. आत्याबाई? ती तर दुसऱ्याच पानावर मेली! मेलेली बाई खून कसा करील? आण ती पानं!"

त्यांनी निवृत्तीच्या सदऱ्यात हात घालून पानं ओढली आणि तिथंच पायरीवर वाचायला बसले. आता गावालाही राहवेना. मेलेल्या बाईनं खून केलाच कसा?

संध्याकाळी ताई आल्या. बघतात तर कॉम्प्युटरपुढे रांग, ती पार पिंपळापर्यंत. सगळ्यांना तीच कादंबरी वाचायची होती. ताईंना पहिल्यांदाच भरून आलं.

"निवृत्ती, हे तू केलंस?"

निवृत्तीला बोलायला सवड नव्हती. तो दारात रजिस्टर घेऊन बसला होता आणि एकेकाची सही घेत होता. वर त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: "वाचून मेल्यास आठ दिवसांत परत यावे."