फाडलेला कागद

“मग सही करायला हरकत काय आहे, सर?”

यशोधन बापट तिसऱ्यांदा विचारत होता. आवाज चढला होता.

समोर केवलस्वामी बसले होते. संन्यास घेण्यापूर्वी ते गणिताचे प्राध्यापक होते. आता वैनगंगेच्या काठी एका लहानशा मठात राहत. यशोधन त्यांचा जुना विद्यार्थी, लांब पल्ल्याच्या क्रूझ क्षेपणास्त्र प्रकल्पाचा प्रमुख.

जमिनीलगत उडत हजार किलोमीटरवरचं लक्ष्य गाठायचं, असं ते क्षेपणास्त्र. गेल्या महिन्यात चाचणीच्या अकराव्या मिनिटाला ते एका टेकडीवर आदळलं. चौकशी समिती बसली. यशोधनने सगळा ठपका हाताखालच्या कुंदा मेश्राम या इंजिनिअरवर ठेवला. तिला घरी बसवण्यात आलं.

समितीचे अध्यक्षही स्वामींचेच विद्यार्थी. म्हणून यशोधन पत्र टाइप करूनच घेऊन आला होता. हा माणूस सचोटीचा आहे, एवढाच त्यातला मजकूर.

“उंची मोजणारं यंत्र तिच्याकडे होतं. तेच चुकलं. माझं गणित बरोबर होतं. नऊ वर्षं धड रजा घेतली नाही मी, आणि आता कालची पोरं माझ्याकडे बोट दाखवतात.”

“तिने आधी काही सांगितलं होतं?”

“नाही.”



“ओल्या झाडीवरून जाताना यंत्र उंची चुकीची दाखवतं, असं तिने लिहून दिलं होतं. चाचणीच्या तीन आठवडे आधी.”

यशोधनचा चेहरा उतरला. मग तो भडकला.

“ती आली होती इथे? तारीख ठरली होती, सर. दिल्लीहून माणसं यायची होती. एका मुलीच्या शंकेसाठी सगळं थांबवायचं?”

“कागद कुठे आहे?”

“...फाडला.”

 स्वामींना इतकं संतापलेलं यशोधनने कधी पाहिलं नव्हतं.

“तुझं क्षेपणास्त्र वाटेत किती वेळा चुकतं?”

“क्षणोक्षणी. वारा ढकलतो. ते खालची जमीन बघतं, नकाशाशी ताडून पाहतं आणि वळतं.”

“चूक दाखवली म्हणून नकाशा फाडतं?”



स्वामींनी ते टाइप केलेलं पत्र उचललं, पालथं केलं आणि त्याच्या पुढ्यात टाकलं. वर पेन ठेवलं.

“लिही.”

“माझी नोकरी जाईल.”

“तिची गेलीच आहे.”

“प्रकल्प अडेल, सर. देशाचं काम आहे हे.”

“देशाला मध्ये आणू नकोस. लिही.”

यशोधनने पेन उचललं. पहिली ओळ खोडली. दुसरीही खोडली. मग दात आवळून सात-आठ ओळी लिहिल्या, कुंदाने लेखी इशारा दिल्याची तारीख घातली, तो कागद फाडल्याचंही लिहिलं. राग गेला नव्हता. पेनचं टोक दोन ठिकाणी कागदातून आरपार गेलं होतं.

सही करून त्याने कागद पुढे ढकलला.

“घ्या. द्या पाठवून तुमच्या अध्यक्षांना.”

स्वामींनी कागदाला हात लावला नाही.

“अध्यक्षांचं नंतर बघू. कुंदा आत बसली आहे. तिला वाचून दाखव.”