बॉनेटवरचा पक्षी

वारणेकाठच्या एका गावात जयवंत कारखानीस नावाचे गृहस्थ राहत होते. आडनाव कारखानीस आणि छंद मोटारी बनवण्याचा, त्यामुळे गावाला थट्टेला आयताच विषय मिळाला होता. कारखाना म्हणाल तर मागच्या खोलीतले एक टेबल. मोटारी म्हणाल तर वीतभर लांबीच्या. पेटीतून प्लॅस्टिकचे सुटे भाग यायचे. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, चिकटवायचे आणि खऱ्या मोटारीची हुबेहूब लहान प्रत उभी करायची, असा हा उद्योग होता. पेटीत येईल तेवढ्यावर मात्र जयवंतराव कधी समाधान मानत नसत. परदेशी गाडीचे स्टिअरिंग डावीकडे असे. आपल्या रस्त्यावर ते कसे चालणार, असे म्हणून ते स्टिअरिंग कापून उजवीकडे बसवत. टपावरचे कॅरियर खराट्याच्या काड्यांचे करत आणि सीटची कव्हरे जुन्या छत्रीच्या कापडाची.

या छंदात त्यांना एकच सोबती होता, नेमिनाथ चौगुले. शाळेपासूनचा दोस्त. बाजारपेठेत त्याचे चष्म्याचे दुकान होते. सुटीच्या दिवशी तो आपले भिंग घेऊन जयवंतरावांकडे येई आणि दोघे टेबलावर डोकी घालून बसत. दोघांचा एक नियम ठरलेला होता. गाडीचा वरचा सांगाडा खालच्या तळाला एकदा चिकटवला की गाडी कायमची बंद होते. म्हणून त्याआधी दोन्ही भाग नुसते जुळवायचे, गाडी कानाशी धरायची आणि हलवायची. आत काही खुळखुळले तर समजायचे, एखादा भाग सुटून आत पडला आहे. गाडी गप्प राहिली तरच चिकटवायची. याला ते दोघे ‘गाडीला कान देणे’ म्हणत.

गावच्या वाचनालयात दरवर्षी हस्तकलेचे प्रदर्शन भरे. यंदा पहिला नंबर आपला, असे जयवंतरावांनी मनाशी पक्के केले होते. दोघा मित्रांनी एकाच गाडीची पेटी मागवली होती. जुन्या घाटाची काळीभोर मोटार, आणि तिच्या बॉनेटच्या टोकाला पंख पसरलेला एक चंदेरी पक्षी. पक्षी होता तांदळाच्या दाण्याएवढा, पण गाडीची सगळी ऐट त्याच्यात होती. त्याच्यावरची झळाळी कारखान्यातूनच यायची. घरी ब्रशने कितीही रंग फासला तरी ती येत नसे. नेमिनाथच्या पेटीतला पक्षी पंख मोडूनच आला होता. तो हळहळला आणि म्हणाला, “बघू, काय जमतंय काय.”

प्रदर्शनाच्या आधीच्या रविवारी नेमिनाथ नेहमीसारखा आला. जयवंतरावांनी पक्षी कापून, घासून एका झाकणात ठेवला होता. शेजारी गाडीचा सांगाडा वाडग्यासारखा उलटा पडला होता. तेवढ्यात कचेरीतून फोन आला. जयवंतराव पाणीपुरवठा खात्यात होते, आणि टाकीची मोठी नळी फुटली होती. ते तटकन उठले, बोलत बोलत अंगणात गेले, साहेबांची बोलणी खाऊन परत आले. नेमिनाथ दारात चपला घालत होता. “दुकान उघडायचं हाय. येतो,” म्हणाला आणि गेला. जयवंतराव टेबलाशी बसले आणि बघतात तो काय, झाकण रिकामे.

मग शोधाशोध सुरू झाली. टेबलाखाली बॅटरी मारून झाली, चटई झटकून झाली, केरसुणीचा केर चाळून झाला. त्यांच्या पत्नी कुमुदताई म्हणाल्या, “असेल इथंच कुठंतरी.”

“असता तर मिळाला असता,” जयवंतराव म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पक्षी मोडला होता कोणाचा? नेमिनाथचा. खोलीत एकटा कोण होता? नेमिनाथ. रविवारी दुकान उघडायची घाई कोणाला झाली? संशयी माणसाला पुरावा शोधावा लागत नाही, तो त्याला जिकडेतिकडे दिसू लागतो. त्याच संध्याकाळी जयवंतरावांनी रागारागाने गाडी चिकटवून टाकली. हात कामावर होते आणि मन चौगुल्यांच्या दुकानात. कान द्यायचे राहिले, हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. पुढचा सगळा आठवडा ते बाजारात जायचे ते दुकान टाळून, लांबच्या गल्लीने.

प्रदर्शनाच्या सकाळी जयवंतराव कुमुदताईंना घेऊन वाचनालयात पोचले. त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर नुसता चंदेरी रंगाचा ठिपका होता. शेजारच्या टेबलावर नेमिनाथची गाडी होती, आणि तिच्या बॉनेटवर पंख पसरून पक्षी बसला होता. जयवंतरावांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नेमिनाथ काहीतरी बोलायला पुढे आला, तर त्यांनी तोंड फिरवले आणि ते तडक परीक्षक आंबेकर बाईंकडे गेले. बाई गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या तरी दरारा निवृत्त झाला नव्हता.

सगळे ऐकून बाईंनी विचारले, “घेताना पाहिलंत?”

“पाहिलं नाही. पण खात्री आहे.”

“खात्री असेल तर मला सगळ्यांसमोर विचारावं लागेल. चालेल?”

“चालेल,” जयवंतराव म्हणाले.

बाईंनी नेमिनाथची गाडी टेबलावरून उचलून बाजूला ठेवायला लावली. निकालाच्या आधी चौकशी होईल, असे त्याला सांगितले. गावात अशी बातमी पसरायला वारासुद्धा लागत नाही. चष्मेवाल्याने मित्राच्या घरी हात मारला, असे घटकाभरात जो तो कुजबुजू लागला. दुकानदाराचे सगळे भांडवल म्हणजे त्याचे नाव. ज्याच्या हाती गावाने आपले डोळे सोपवले, त्याच्याच हाताला हा डाग लागला तर उद्या त्याच्या दुकानाची पायरी कोण चढणार?

नेमिनाथ जयवंतरावांसमोर येऊन उभा राहिला. “जयवंता, तू सांगितलंस असं?”

“मी सांगितलं.”

“मला एकदा इचारायचंस तरी,” एवढेच बोलून तो खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला.

परीक्षण सुरू व्हायला थोडा अवकाश होता. जयवंतरावांनी मऊ फडके काढले आणि गाडी पुसायला घेतली. चिकटवून सुलटी ठेवल्यापासून ती त्यांनी काठोकाठ भरलेल्या भांड्यासारखी सपाट धरूनच नेली-आणली होती. आता तळाला लागलेला धागा काढायला म्हणून त्यांनी ती पहिल्यांदाच उलटी केली. आत टिक्‌ असे वाजले.

जयवंतरावांचा हात जागच्या जागी थांबला. त्यांनी गाडी सुलटी केली. पुन्हा टिक्‌.  झाकणाशेजारी उलटा पडलेला सांगाडा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. फोन वाजल्यावर आपण तटकन उठलो, तेही आठवले. बाहीचा नुसता धक्का लागला असेल, आणि पक्षी सांगाड्याच्या एखाद्या खाचेत जाऊन बसला असेल, एवढासा तर जीव.

शेजारी उभ्या कुमुदताईंनी विचारले, “काय वाजलं?”

“काही नाही.”

“काही नसलं की वाजत नाही,” कुमुदताई म्हणाल्या.

जयवंतरावांनी काचेतून आत डोकावून पाहिले. आत काळोख होता. एखादा प्लॅस्टिकचा कपचाही असू शकेल. खिळ्याचे टोक असू शकेल. नक्की कळायचे तर गाडी उघडावी लागणार, आणि चिकटवलेली गाडी उघडायची म्हणजे मोडायचीच. रंग तडकणार, सांधा फुटणार, पहिल्या नंबरावर पाणी सोडावे लागणार. त्यांच्या मनाने त्यांना एक सोयीची गोष्ट सुचवली. संध्याकाळी घरी जाऊन उघडू. निघाला पक्षी तर निघाला, मग नेमिनाथला गाठून माफी मागू. आज सगळ्यांसमोर कशाला?

अशी सोय सुचली की माणसाला हायसे वाटते. जयवंतरावांना वाटेना. त्यांची नजर खिडकीकडे गेली. रोज नेमिनाथच्या दुकानात फुकट पेपर वाचायला बसणारे दोघे आज त्याच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या सोडून लांब उभे होते. नेमिनाथ मांडीवर हात ठेवून जमिनीकडे पाहत बसला होता. या माणसाला संध्याकाळपर्यंत चोर म्हणून बसवून ठेवायचे, आणि आपण बक्षीस घेऊन घरी जायचे? जयवंतरावांना आपल्याच विचाराची शिसारी आली.

त्यांनी गाडी उचलली, बरोबर आणलेल्या कात्री-चाकूंच्या डब्यातून पातळ पात्याचा चाकू घेतला आणि ते आंबेकर बाईंच्या टेबलाशी गेले. दालनातले सगळे पाहत होते. त्यांनी पाते सांध्यात घातले आणि पिळले. कट्‌कन आवाज झाला. दारापासून मागच्या चाकापर्यंत काळा रंग तडकला, पुढची काच निखळली आणि तळ वेगळा झाला. बाईंच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर तांदळाच्या दाण्याएवढा एक चंदेरी पक्षी पडला.

 जयवंतराव मोठ्याने म्हणाले, “पक्षी कोणी घेतला नव्हता. माझ्याच गाडीत पडला होता. चौगुल्यांवर मी खोटा आळ घेतला.”

बाईंनी पक्ष्याकडे पाहिले, फुटलेल्या गाडीकडे पाहिले. “कारखानीस, तुमची गाडी आता स्पर्धेत धरता येणार नाही.”

“हो, बाई.”

“आणि तुमची तक्रार?”

“ती आता माझ्यावर समजा.”

एवढे बोलल्यावर मात्र जयवंतरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. आठवडाभरात पहिल्यांदाच त्यांना नीट श्वास घेता आला. ते खिडकीपाशी गेले आणि मित्रासमोर उभे राहिले. “नेमा, चुकलो. तू काय बोलशील ते ऐकून घेईन.”

नेमिनाथ उठून टेबलाशी आला. सवयीप्रमाणे त्याने खिशातून भिंग काढून पक्षी न्याहाळला. “पाखरू घरातच होतं की, लेका,” तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “राग आलाय मला. आठ-पंधरा दिवस ऱ्हाईल. मग जाईल.”

आंबेकर बाईंनी विचारले, “चौगुले, मग तुमच्या गाडीवरचा पक्षी कुठला?”

“जुन्या चष्म्याची काडी हाय ती. कानशीनं घासली, पॉलिश मारलं. त्या रविवारी दुकान त्याच कामाला उघडलं,” नेमिनाथ म्हणाला. “आधी सांगितलं असतं तर कुणाला पटलं असतं?” त्याने दुसऱ्या खिशात हात घातला आणि चष्म्याचे लहानसे घर बाहेर काढले. आत कापसावर अगदी तसाच दुसरा पक्षी होता. “वयनी चष्म्याला आल्या होत्या. तुझा पक्षी हरवला म्हणाल्या. एका काडीत दोन पाखरं निघत्यात. म्हटलं, हे एक जयवंताला. सकाळी द्यायला आलो, तर तू तोंड फिरवलंस.”

 जयवंतरावांनी डोळे पुसायला खिसे चाचपले, तर हाताला गाडी पुसायचे फडके लागले. त्यानेच डोळे पुसले. फडक्यावरचा काळा रंग गालांना लागला तो लागलाच. ते पाहून नेमिनाथला हसू फुटले, आणि मग लांब उभे असलेले पेपरवाले दोघेही हळूच येऊन खुर्च्यांवर बसले.

पहिला नंबर एका मास्तरांच्या काडेपेट्यांच्या बैलगाडीला गेला. नेमिनाथची मोटार दुसरी आली. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या, पण सगळ्यांचे हात थांबल्यावरही जयवंतराव वाजवतच होते. मग दोघे मित्र आणि कुमुदताई कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाला गेले. रागावलेल्या माणसाने भजीही मागवली आणि पैसे जयवंतरावांना द्यायला लावले.

घरी जाताना कुमुदताई म्हणाल्या, “वर्षभराची मेहनत गेली की हो तुमची. वाईट वाटतंय?”

जयवंतरावांनी मनात शोधून पाहिले. वाईट असे काही सापडेना. “गाडी मोडली,” ते म्हणाले. “पण नेमा उद्या दुकान उघडेल.”

तात्पर्य: दुसऱ्याच्या घराची झडती घेण्याआधी आपले घर उघडून पाहावे, आणि चूक आपलीच निघाली तर तिथल्या तिथे, चारचौघांत कबूल करावी. बक्षीस पुढच्या वर्षीही मिळते, गेलेला मित्र मिळत नाही.