पांघरुणावरचा फोटो

“मग त्यांनी ते एकदाही पांघरलं का नाही, बुवा?”

हेरंबनं हे विचारलं तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. नदीकाठच्या मठात निरंजनबुवा शेकोटीत काटक्या सरकवत होते.

हेरंब बुवांचा जुना शिष्य. तालुक्याच्या गावी त्याचं दुकान होतं. लोक आवडीचे फोटो आणून देत आणि तो ते कपांवर, उशांवर, भिंतीवरच्या घड्याळांवर छापून देई. त्याच्या हातची भेट पाहून माणसांच्या डोळ्यांत पाणी येई. ते आलं की हेरंबला बरं वाटे.

“कोणी पांघरलं नाही?” बुवांनी विचारलं.

“बाबांनी. आई गेल्यापासून ते गप्प गप्प असतात. म्हणून तिचा मला सगळ्यात आवडणारा फोटो घेतला आणि त्यांच्यासाठी हे पांघरूण केलं. इतकं चांगलं काम माझ्या हातून आजवर झालेलं नाही.”

“ते काय म्हणाले?”

“काहीच नाही. त्यावरून हात फिरवला, घडी घातली आणि कपाटात ठेवून दिलं. थंडीत कुडकुडतात, पण आपली जुनी शालच घेतात. ती गुडघ्यांखाली पुरतसुद्धा नाही.”

“आणि तू काय म्हणालास?”

हेरंबनं शेकोटीकडे पाहिलं.

“म्हणालो, तुम्हाला माझ्या कामाची किंमत नाही… आणि आईचीही नाही.”

“अरे वा. मग?”

“मग ते माझ्याशी बोलायचेच थांबले. काल मी पांघरूण कपाटातून काढलं. तुमच्यासाठी आणलंय. निदान इथे तरी त्याची कदर होईल.”

बुवा हसले. “म्हणजे घरात नको झालं ते बुवाला! दाखव बघू.”

हेरंबनं पिशवीतून पांघरूण काढलं. बुवांनी ते जमिनीवर पसरलं.

केसांत अबोलीचा गजरा. कपाळावर मोठं कुंकू. हसताना बारीक झालेले डोळे. काठापर्यंत सगळी आईच होती. कोरी जागा कुठे बोटभरही सोडलेली नव्हती.

“सुरेख,” बुवा म्हणाले. “जमीन गार आहे. बस त्याच्यावर.”

हेरंब पुढे झाला. त्यानं तळपाय पँटला पुसले. एक पाय उचलला… आणि तो तसाच मागे घेतला.

“बस ना.”

“इथे कपाळ आहे, बुवा.”

“मग पलीकडून ये.”

हेरंब वळसा घालून गेला.

“इकडे हनुवटी आहे.”

“बरं…”

हेरंब पांघरुणाभोवती एकदा फिरला. मग पांघरुणाच्या बाहेर, गार जमिनीवरच बसला. पाय त्यानं पोटाशी घेतले होते.

शेकोटीत एक काटकी तडकली.

“ते रोज निजायच्या आधी कपाट उघडायचे,” हेरंब हळूच म्हणाला. “जरा वेळ तिथेच थांबायचे. मला वाटायचं, काहीतरी शोधतायत…”

बुवांनी आणखी एक काटकी आत सरकवली.

“हे मठातच राहू दे, बुवा. मला घरी न्यायला नको वाटतं.”

“इथेही सगळे पाय घेऊनच येतात रे.”

हेरंबला हसू आलं, पण ते ओठांवर टिकलं नाही.

“माफी तरी कशी मागू? मी खोलीत गेलो की ते भिंतीकडे तोंड करतात. मी काही बोललो, तर ऐकायचेही नाहीत.”

बुवा उठले. आईचा चेहरा आत राहील अशी त्यांनी पांघरुणाची घडी घातली आणि ती हेरंबच्या मांडीवर ठेवली.

“बोलू नकोस. हे त्यांच्या उशाशी ठेव. आज त्यांच्याच खोलीत नीज, खाली जमिनीवर…”

हेरंब वाट पाहत राहिला.

“थंडीनं रात्री त्यांना जाग येईलच. तू मात्र काही पांघरू नकोस.”