मिठाच्या टेकडीवरची उतरण

खाडीकाठच्या नव्या वसाहतीत एक बुटकी टेकडी आहे. तिच्यावर बालवाडी आणि पाळणाघर. खाली रस्त्यापलीकडे एसीवाली पाळणाघरं आहेत, मोबाइलवर दिवसभर मूल दिसतं अशीही आहेत. तरी कितीतरी बाया पोरांना घेऊन ही टेकडीच चढतात. तिथली एक रीत नवख्या बाईला खटकते. शाळा सुटली की कुणी आपल्या पोराचा हात धरत नाही. दुसरीच्या पोराला धरून पायऱ्या उतरायच्या, आणि खाली रस्त्याला लागल्यावर जिचं तिला द्यायचं.

असं का, ते फाटकाशी बसणारी गोमाआजी सांगते.

पूर्वी इथं टेकडीखाली सगळी मिठागरं होती म्हणे. बाया मीठ ओढायला जायच्या. पोरं मधल्या बांधावरच्या मांडवात, काळूबाय नावाच्या म्हातारीपाशी. त्या बायांत बामी नवी होती. तिची मुलगी अजून अंगावर पिणारी. आधी तिनं मुलीला टोपलीत घालून कामावरच नेलं, पण खाऱ्या वाऱ्यानं पोरीचे डोळे सुजले. मग नाइलाजानं मांडवात ठेवली. तीही जमिनीवर नाही. किडामुंगी चावेल म्हणून वरच्या वाशाला, हात पुरेल तितक्या उंच, झोळी बांधून.

पण बामीचं चित्त थाऱ्यावर नसायचं. चार फावडी ओढली की ही बांधाकडे पळाली. मुकादम ओरडायचा. हौशी नावाची बाई तर रोज टोचायची, "हिची नाळ अजून तुटली नाही गो. आणि आमची पोरं काय वाऱ्यावर आलीत?" बामी ऐकून घ्यायची आणि पुन्हा पळायची.

एका अवसेला भर दुपारी उधाण आलं नि बाहेरचा बांध फुटला. बामी तेव्हाही वाटेतच होती, म्हणून मांडवात पहिली तीच पोचली. पाणी आत शिरलं होतं. काळूबाय खांबाला मिठी मारून उभी, आणि तिच्या लुगड्याला धरून पोरं पाण्यात. झोळी वर कोरडी होती. आतून रडणं येत होतं.

असं सांगतात, की बामी झोळीपर्यंत गेली. हात वर केला. तेवढ्यात एक पोर तिच्या पायावर आदळलं. तिनं खाली पाहिलं. मग हात खाली घेतला, ते उचललं, शेजारचंही उचललं. कुणाची होती, तिनं पाहिलं नाही. मागून बाया आपापल्या पोरांची नावं घेत धावत येत होत्या. बामी कळवळून म्हणाली, "आपलं शोधत बसू नका गो. हाताला लागंल ते घ्या आणि टेकडी गाठा."

दोन पोरं वर टाकून ती माघारी वळली, तर मांडव आडवा झाला होता. वासा नाही, झोळी नाही. बायांनी तिला धरून ठेवलं. ती एकेकीच्या कडेवर बघत सुटली. प्रत्येकीजवळ दुसरीचंच पोर. हिचं कुठंच नाही.

सगळ्यांत शेवटी काळूबायला एका हातानं ओढत हौशी वर आली. दुसऱ्या हातानं छातीशी ओली झोळी धरलेली, मोडक्या वाशाचा तुकडा तसाच अडकलेला.

हौशी म्हणाली, "घे बाय. लई उंच बांधलीस. वाशासकट आणावी लागली."

बामीनं रडणाऱ्या मुलीला छातीशी लावलं आणि तिथंच बोलून टाकलं, की या टेकडीवरून आपलं पोर आपण उतरवायचं नाही. पाणी ओसरल्यावर बाया तशाच, दुसरीचं पोर कडेवर घेऊन, खाली उतरल्या.

आजही नवी आई पहिल्या दिवशी फाटकात घुटमळते. हातात भलत्याच पोराचा हात असतो आणि मान सारखी मागं वळते, आपलं कुणाबरोबर येतंय, नीट धरलंय ना. पायरी चुकते. तेव्हा गोमाआजी म्हणते, "मागं बघायला कोण नको म्हणतंय? बघ की. पण हातातलं घट्ट धर बाय. त्याची आई वरच्या पायरीवरून तुझ्याकडंच बघतेय."